फ्लुओरेसंट पॉलिमर नॅनोबीड्स आणि इम्युनोअसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इम्युनोअसे म्हणजे अँटीबॉडीने एखादा पदार्थ (अँटीजेन) पकडून मोजणारी चाचणी, आणि एलायझा हा तिचा एन्झाइमवर चालणारा नेहमीचा प्रकार. एलायझा हाताखालून गेली आहे, अँटीबॉडी कशी सांभाळायची ते ठाऊक आहे, आणि आता गाइडने किंवा साहेबांनी सांगितलंय की "बीड्स वापरून बघ, सिग्नल वाढेल", अशा वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सिग्नल वाढतोच, त्याची काळजी नको. अडचण नंतर येते: बीड्स सुटे ठेवायचे कसे, आणि कोऱ्या सॅम्पलमध्ये, म्हणजे ब्लँकमध्ये, त्यांना गप्प बसवायचं कसं. म्हणून या पानावर प्रकाशापेक्षा बफर, मीठ आणि सेंट्रिफ्यूज यांच्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

फ्लुओरेसंट पॉलिमर नॅनोबीड म्हणजे नेमकं काय?

पॉलिस्टायरीनचा गोळा, साधारण २० ते ५०० नॅनोमीटर व्यासाचा, आणि त्याच्या पोटात कोंडलेला रंग. रंग भरण्याची नेहमीची पद्धत अशी: पाण्यात तरंगणाऱ्या बीड्समध्ये थोडं सेंद्रिय द्रावक घालतात. गोळा फुगतो, पाण्यात न विरघळणारा रंग आत शिरतो. मग द्रावक काढून टाकलं की गोळा आकसतो आणि रंग आतच अडकतो. बाहेरच्या पृष्ठभागावर बहुधा कार्बॉक्सिल गट असतात, अँटीबॉडी त्यांना जोडायची.

रंग आत आणि अँटीबॉडी बाहेर, ही या रचनेतली खरी सोय. रंगामुळे अँटीबॉडीची पकड बिघडत नाही आणि सॅम्पलमधल्या भानगडी रंगापर्यंत पोहोचत नाहीत. पण ज्या वाटेने रंग आत गेला त्याच वाटेने तो बाहेरही येतो. ॲसिटोन, टोल्युईन, क्लोरोफॉर्म यांच्या जवळपासही बीड्स नेऊ नयेत. शंका आली तर बीड्स सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं पाणी रीडरमध्ये वाचा. वरचं पाणी चमकत असेल तर एक तर रंग गळतोय, नाहीतर बीड्स पूर्ण बसलेले नाहीत. पुन्हा एकदा फिरवलं की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

साध्या फ्लुओरेसंट अँटीबॉडीपेक्षा हे किती उजळ?

एका अँटीबॉडीला फ्लुओरेसिनचे चार-पाच रेणू जोडता येतात. त्याहून जास्त जोडले की ते एकमेकांचाच प्रकाश मारतात. १०० नॅनोमीटरच्या चांगल्या बीडमधून काही हजार फ्लुओरेसिन रेणूंएवढा प्रकाश मिळतो, तर २०० नॅनोमीटरच्या बीडमधून लाखाच्या आसपास. युरोपियम या लाल चमकणाऱ्या धातूचे आयन भरलेले बीड्स यातले नावाजलेले. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीसाठी १०७ नॅनोमीटरचे बीड्स वापरले, त्यांत प्रत्येकी तीस हजारांहून जास्त युरोपियम आयन होते.

हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नये. ब्लँकमध्ये चुकून चिकटलेला बीडही तितकाच उजळतो. एका अँटीजेनमागे लाखभर रेणूंचा प्रकाश मिळतो, तसाच एका चुकीच्या चिकटण्यामागेही मिळतो. शोधमर्यादा ठरते ती ब्लँकची सरासरी आणि तिच्यातल्या चढउतारावरून. ब्लँक दहापट उजळला तर सिग्नल दहापट उजळल्याचा काडीचाही उपयोग नाही.

ही कल्पना नवी आहे का?

नॅनो हा शब्द नवा, वस्तू जुनी. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक्स सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी पॉलिस्टायरीनच्या बीड्सवर मानवी आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटीबॉडी) चढवून संधिवाताची लॅटेक्स चाचणी काढली. रुग्णाच्या रक्तात ऱ्हुमटॉइड फॅक्टर (आयजीजीलाच धरणारी अँटीबॉडी) असेल तर बीड्सच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गुठळ्या व्हायच्या. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काळ्या काचपट्टीवर थेंब हलवत केली जाणारी आरए आणि सीआरपीची चाचणी ती हीच.

त्यानंतर १९६० मध्ये बर्सन आणि यॅलो यांची किरणोत्सारी इन्सुलिन चाचणी आली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंग्वाल आणि पर्लमान यांनी एलायझा मांडली. किरणोत्सार नको आणि एन्झाइमच्या मर्यादाही नकोत, या खटपटीतून १९८० च्या दशकात तुर्कूच्याच वॉलॅक कंपनीची युरोपियमवर चालणारी डेल्फिया पद्धत रुजली. पुढे तोच युरोपियम बीडच्या पोटात गेला.

जाता जाता एक गंमत. सगळे एकाच मापाचे मोठे बीड्स पृथ्वीवर बनवणं अवघड होतं, कारण ते बनतानाच तरंगायचे किंवा तळाशी बसायचे. म्हणून अमेरिकेने ते चॅलेंजर अवकाशयानात बनवून आणले. १० मायक्रॉनच्या आसपासचे हे बीड्स १९८५ मध्ये तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने कुपीत भरून विकायला काढले. अवकाशात बनून बाजारात आलेली ती पहिली वस्तू. त्याच सुमारास नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी जमिनीवरच हे जमवून दाखवलं होतं, त्यामुळे यानाची वारी पुढे लागली नाही.

कोणत्या मापाचे बीड्स घ्यावेत?

पहिल्यांदाच करत असाल तर २०० नॅनोमीटर. सांभाळायला सोपे, टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसतात आणि भरपूर उजळ असतात. १०० नॅनोमीटर उत्तम, पण धुताना घाम काढतात. ५० च्या खाली साध्या सामग्रीने जाऊ नये.

मोठा बीड म्हणजे जास्त रंग, कारण रंग व्यासाच्या घनाने वाढतो. पण मोठा बीड मंदही असतो. २०० नॅनोमीटरचा बीड पाण्यात सुट्या अँटीबॉडीच्या सुमारे वीसपट मंद पसरतो. मायक्रोप्लेटच्या तळावर अँटीजेन धरून ठेवलेलं आहे आणि बीडने तिथवर यायचंय, अशा मांडणीत प्लेट नुसती ठेवून दिली तर तासाभरात फारसं काही होत नाही. शेकर हवाच. स्ट्रिपमध्ये, म्हणजे गर्भचाचणीसारख्या कागदी पट्टीत, द्रवच बीडला ओढत नेतो, म्हणून तिथे २०० ते ४०० नॅनोमीटरही खुशाल चालतात.

कोणता रंग? हिरवा, लाल की युरोपियम?

सॅम्पल काय आहे त्यावर ठरवा. सीरम स्वतःच निळ्या-हिरव्या भागात चमकतं, स्ट्रिपमधला नायट्रोसेल्युलोजचा कागदही चमकतो. हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश गिळतं, ४१५ च्या आसपास तर सर्वांत जास्त. त्यामुळे हिरवे बीड्स बफरमध्ये फार सुंदर दिसतात आणि रक्ताच्या सॅम्पलमध्ये तोंडघशी पाडतात. संपूर्ण रक्त वापरायचं असेल तर ६५० च्या पुढचे गडद लाल बीड्स घ्या.

युरोपियमची गोष्ट वेगळी. त्याला ३४० ते ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने उत्तेजित करायचं आणि ६१५ ला वाचायचं. दोन्हींत इतकं अंतर की विखुरलेला प्रकाश वाचनात शिरत नाही. शिवाय सीरमची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर युरोपियम शेकडो मायक्रोसेकंद चमकत राहतं. फ्लॅश मारायचा, २०० ते ४०० मायक्रोसेकंद थांबायचं, मग वाचायचं. तोवर बाकी सगळं विझलेलं असतं. हे करणारा रीडर नसेल, तर मात्र युरोपियमचे पैसे अर्धे वायाच जातात.

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं, धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) ट्यूबमधल्या प्लाझ्माबद्दल हमखास विचारलं जातं. अँटीबॉडीला बाहेरून जोडलेला युरोपियम ईडीटीए ओढून घेऊ शकतं, म्हणून जुन्या पद्धतींत ते टाळायचे. बीडच्या आतल्या युरोपियमला पॉलिमरचं कवच असतं, त्यामुळे तिथे ही भीती बरीच कमी.

मल्टिप्लेक्ससाठी (एकाच सॅम्पलमध्ये अनेक चाचण्या) मिळणारे रंगीत बीड्स हेच का?

नाहीत. लुमिनेक्सचे बीड्स ५.६ ते ६.५ मायक्रॉनचे, म्हणजे यांच्यापुढे पहाड. त्यांच्या आतला रंग सिग्नलसाठी नसतो, ओळखपत्रासाठी असतो: आतल्या रंगांच्या प्रमाणावरून हा बीड कोणत्या चाचणीचा ते मशीन ओळखतं, आणि सिग्नल बाहेर जोडलेल्या फायकोएरिथ्रिन या चमकणाऱ्या प्रथिनाकडून येतो. अल्फा प्रकारच्या चाचणीत दोन जातींचे बीड्स असतात. ६८० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की एक सिंग्लेट ऑक्सिजन (क्षणभर टिकणारा सक्रिय ऑक्सिजन) सोडतो, आणि त्याने सुमारे २०० नॅनोमीटरच्या आत दुसरा बीड गाठला तरच प्रकाश येतो. तिथे धुण्याची गरजच उरत नाही. हे पान या दोन्हींबद्दल नाही.

अँटीबॉडी नुसती चिकटवावी की रासायनिक बंधाने जोडावी?

नुसती चिकटवणं सोपं आणि स्वस्त. साध्या पॉलिस्टायरीनवर अँटीबॉडी आपोआप बसते, अँटीबॉडीच्या आयसोइलेक्ट्रिक पॉइंटच्या (तिचा एकूण भार शून्य होतो तो पीएच) जवळपासच्या पीएचला जास्त चांगली. पण बफरमध्ये ट्वीन (एक सौम्य डिटर्जंट) असेल तर ती हळूहळू सुटते, आणि सुटलेली अँटीबॉडी अँटीजेन पकडून बसते पण उजळत नाही. वर्षभर टिकणारं किट करायचं असेल तर बंधाने जोडा. दोन आठवड्यांत कल्पना तपासायची असेल तर चिकटवा.

ईडीसीने जोडताना नेमकं काय सांभाळायचं?

ईडीसी म्हणजे बीडवरचे कार्बॉक्सिल गट आणि अँटीबॉडीवरचे अमाइन गट एकमेकांना जोडणारं रसायन. बहुतेकांचं गाडं इथे अडतं, म्हणून जरा विस्ताराने.

आधी अँटीबॉडीची कुपी वाचा. ती ट्रिसमध्ये आहे का? ग्लायसीन आहे का? टिकण्यासाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलंय का? या सगळ्यांत अमाइन आहेत आणि ते अँटीबॉडीच्या आधी बीडवर जाऊन बसतात. डायलिसिस किंवा डीसॉल्टिंग कॉलम करून अँटीबॉडी साध्या फॉस्फेट किंवा बोरेट बफरमध्ये आणा. बीएसए मात्र डायलिसिसने जात नाही. त्यासाठी प्रोटीन-ए किंवा प्रोटीन-जीचा कॉलम लागतो, किंवा बीएसए नसलेलीच अँटीबॉडी मागवावी लागते.

मग ईडीसीची बाटली. हे रसायन हवेतली ओल शोषतं. फ्रीझरमधून काढून लगेच झाकण उघडलं की थंड पावडरीवर दव जमतं आणि बाटली तिथेच खराब व्हायला लागते. अर्धा-पाऊण तास टेबलावर राहू द्या, हाताला गार लागणं थांबलं की मग उघडा. जुलैत कोकणात किंवा मुंबईत तर हे कटाक्षाने पाळायला हवं. पावडर मोकळी भुरभुरीत असावी. गोळे झाले असतील तर नवी मागवा. द्रावण आयत्या वेळी करा आणि उरलेलं टाकून द्या, "उद्यासाठी" ठेवू नका.

क्रम साधारण असा. २०० नॅनोमीटरचे १० मिलिग्रॅम बीड्स, म्हणजे एक टक्क्याचं १ मिलिलिटर, ५० मिलिमोलर एमईएस बफरमध्ये पीएच ६ ला धुवून घ्या. ईडीसी आणि सल्फो-एनएचएस (सक्रिय झालेला गट टिकवून धरणारं रसायन) घालून १५-२० मिनिटं हलवत ठेवा. लगेच फिरवून जास्तीचं रसायन काढा, कमी मिठाच्या बफरमध्ये पीएच ७.४ च्या आसपास बीड्स पुन्हा मोकळे करा आणि हलवत असतानाच अँटीबॉडी घाला. दोन तास. नंतर इथेनॉलअमाइन किंवा ग्लायसीन घालून उरलेले सक्रिय गट बंद करा, बीएसए किंवा केसीनने ब्लॉक करा (बीडची उरलेली मोकळी जागा झाका) आणि धुवा.

सल्फो-एनएचएसच का, साधं एनएचएस का नाही? कोरे बीड्स सुटे राहतात ते त्यांच्या ऋणभारामुळे, सगळे एकमेकांना ढकलत असतात. ईडीसी हा भार झाकून टाकतं. सल्फो-एनएचएसचा स्वतःचा ऋणभार असल्याने मधल्या अवस्थेतही ढकलाढकली चालू राहते. ईडीसी मुक्तहस्ते घातलं की नेमक्या याच टप्प्यावर बीड्सचं दही होतं, म्हणजे गुठळ्या होतात. मिठाचंही तेच. पीबीएस (मीठ असलेला नेहमीचा फॉस्फेट बफर) याच्याएवढ्या मिठात बीडच्या भाराचा प्रभाव जेमतेम एक नॅनोमीटरवर संपतो, १० मिलिमोलर बफरमध्ये तो सुमारे तीन नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून ब्लॉकिंग होईपर्यंत बीड्सना पीबीएस दाखवू नका.

किती अँटीबॉडी घालायची?

हिशोबाने सुरुवात करा. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ धरली तर २०० नॅनोमीटरच्या १ ग्रॅम बीड्सचा पृष्ठभाग सुमारे २८ चौरस मीटर भरतो, १०० नॅनोमीटरच्या बीड्सचा त्याच्या दुप्पट. आयजीजीचा एक थर चौरस मीटरला अडीच ते तीन मिलिग्रॅम बसतो. म्हणजे २०० च्या प्रत्येक मिलिग्रॅम बीड्सला ७० ते ८५ मायक्रोग्रॅम. एका बीडवर साधारण बाराशे ते पंधराशे अँटीबॉडी झाल्या.

पण पूर्ण थर हवाच असं नाही. २०, ४०, ८० आणि १२० मायक्रोग्रॅम अशा चार कुप्या लावा आणि प्रत्येकीचा सिग्नल भागिले ब्लँक बघा. पुष्कळदा ४० वालीच जिंकते. खचाखच भरलेल्या बीडवर अँटीबॉडीला वळायला जागा नसते आणि महागडी अँटीबॉडी फुकट जाते ती वेगळीच.

बीड्सची संख्याही लक्षात असू द्या. एक टक्क्याच्या १ मिलिलिटरमध्ये २०० नॅनोमीटरचे सुमारे सव्वादोन लाख कोटी बीड्स असतात, १०० चे अठरा लाख कोटी. टक्का तोच, पण संख्या आठपट. वेगवेगळ्या मापांची तुलना "समान टक्के" घेऊन केली की निष्कर्ष फसतात.

सेंट्रिफ्यूज करून बीड्स खालीच बसत नाहीत. का?

पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जड आहे. सोन्याच्या कणांची सवय असलेल्यांना हे पचत नाही. शुद्ध पाण्यात एक सेंटिमीटर खाली यायला २०० नॅनोमीटरच्या बीडला १५,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट) दहा मिनिटं लागतात. १०० च्या बीडला २०,००० जी वर अर्धा तास, ५० च्या बीडला त्याच वेगावर दोन तास. हे आदर्श हिशोब आहेत, प्रत्यक्षात दीडपट धरा. ५० साठी सेंट्रिफ्यूजचा नाद सोडून डायलिसिस किंवा ३०० किलोडाल्टनचा फिल्टर वापरा.

एक मजेशीर प्रकार साखरेचा. कॉन्जुगेट (अँटीबॉडी चढवलेले बीड्स) साठवायच्या बफरमध्ये सुक्रोज घालायची पद्धत आहे. दहा टक्के सुक्रोजच्या पाण्याची घनता १.०४ च्या घरात जाते, म्हणजे बीडच्या अगदी जवळ. त्यात बीड्स कितीही फिरवा, हलत नाहीत. वीस टक्क्यांत तर ते वर येऊ लागतात. साखर घालायची ती सगळं धुणं आटोपल्यावर.

खाली बसलेला थर पारदर्शक जेलीसारखा, किंचित रंगीत दिसतो. तो पिपेटच्या टोकाने कोचू नका. थोडं बफर घालून दहा मिनिटं राहू द्या, मग बाथ सोनिकेटरमध्ये अर्धा-एक मिनिट धरा, थांबा, पुन्हा धरा. पाणी गरम होऊ देऊ नका. प्रत्येक धुण्यात काही बीड्स हरवतात, म्हणून शेवटी फ्लुओरेसन्स मोजून खरं प्रमाण काढा. कुपीवर "१%" लिहायचं आणि आत ०.६ असायचं, ही गोष्ट लॅबमध्ये फार चालते.

गुठळ्या झाल्या आहेत हे कसं ओळखायचं?

डोळ्यांना गुठळ्या दिसल्या तर फार उशीर झाला. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप काढणारं यंत्र) असेल तर २०० नॅनोमीटरचा बीड अँटीबॉडी आणि ब्लॉकिंगनंतर २२०-२३० दाखवतो, आणि विषमतेचा आकडा ०.१ च्या आसपास राहतो. ३०० च्या वर गेला की काहीतरी बिनसलं. गडद लाल बीड्स ६३३ नॅनोमीटरच्या लेसरमध्ये स्वतःच चमकतात आणि डीएलएसला चकवतात, तेवढं ध्यानात ठेवा.

डीएलएस नसेल तर फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप पुरेसा आहे. हजारपट पातळ करून एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप, ४० चं भिंग. सुटे बीड्स एकसारख्या उजेडाचे बारीक ठिपके दिसतात आणि सारखे थरथरत असतात. त्यांच्यातच काही ठिपके जास्त उजळ, आळशी, किंचित वेडेवाकडे दिसले की त्या गुठळ्या. शंभर ठिपक्यांत दोन-चार चालतील. वीस असतील तर सोनिकेट करा. तरीही वीसच राहिले तर ती बॅच सोडा.

ब्लँक फार वर येतोय. काय करू?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. लोक घाईघाईने ब्लॉकिंग वाढवतात. आधी गुन्हेगार शोधा, त्यासाठी तीन ब्लँक लावा. पहिला: नुसतं बफर, सीरम नाही. दुसरा: अँटीजेन नसलेलं सीरम. तिसरा: अँटीजेन असलेलं सॅम्पल, पण बीडवर नेहमीच्या अँटीबॉडीऐवजी कोणतीही असंबद्ध आयजीजी.

पहिलाच ब्लँक वर असेल तर बीड्स सरळ प्लेटला किंवा कागदाला चिकटताहेत. सीरमचा दोष नाही. बीडवरचं ब्लॉकिंग बदला, बीएसए असेल तर केसीन करून बघा, रनिंग बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० घाला आणि मुख्य म्हणजे बीड्स कमी करा. बीड्स दुप्पट केले की ब्लँक जवळपास दुप्पट होतो, पण खरा सिग्नल एका टप्प्यानंतर वाढत नाही. नवशिके हमखास गरजेच्या पाचपट बीड्स घालतात. निम्मे करून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो कुणालाच आवडत नाही, कारण आकडे छोटे दिसायला लागतात.

पहिला ठीक आणि दुसरा वर असेल तर सीरममधलं काहीतरी पूल बांधतंय. हेटेरोफिल अँटीबॉडी (प्राण्यांच्या अँटीबॉडींना धरणाऱ्या माणसाच्या अँटीबॉडी) असतील, किंवा ऱ्हुमटॉइड फॅक्टर. ज्याला पकडण्यासाठी १९५६ साली बीडवर आयजीजी चढवली तोच आज तुमच्या चाचणीत न बोलावता येतो, कारण तुमच्याही बीडवर आयजीजीच आहे आणि तो तिच्या एफसी टोकाला (अँटीजेन न पकडणाऱ्या शेपटीला) धरतो. बफरमध्ये उंदराची साधी आयजीजी मुबलक घाला, म्हणजे तो तिच्यात गुंतून राहील. किंवा एफसी नसलेले अँटीबॉडीचे तुकडे वापरा. कोंबडीच्या अंड्यातली आयजीवाय घेतली तरी चालते, ऱ्हुमटॉइड फॅक्टर तिला ओळखत नाही.

तिसराही वर असेल तर तुमचा "सिग्नल" अँटीजेनचा नाहीच. पकडणारी बाजू तपासा.

अँटीजेन वाढवलं तर सिग्नल कमी होतो. रीडर बिघडला का?

नाही, हा हुक इफेक्ट. अँटीजेन इतकं झालं की बीडवरच्या आणि पकडणाऱ्या दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून गेल्या, सँडविच (एकच अँटीजेन दोन्ही अँटीबॉडींच्या मध्ये) होणार कसं? सॅम्पल दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा लावा. गुणाकार करून उत्तर वाढत गेलं तर हुकच. बीटा-एचसीजी, फेरिटिन, सीआरपी यांच्यात पल्ला इतका मोठा असतो की ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी.

स्ट्रिप बनवायची आहे. वेगळं काय लागतं?

कॉन्जुगेट पॅडवर बीड्स सुकवताना पाच-दहा टक्के सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज हवं, नाहीतर सुकलेले बीड्स सॅम्पल पडल्यावर सुटतच नाहीत. ८ ते १५ मायक्रॉन छिद्रांचं नायट्रोसेल्युलोज २०० नॅनोमीटरच्या बीड्सना ऐसपैस असतं. तरी मागे रंगाचा पट्टा राहत असेल तर छिद्रांना दोष देऊ नका, गुठळ्या बघा.

ओलसर हवा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या उघड्या खोलीत स्ट्रिप जोडल्या तर नायट्रोसेल्युलोज ओल खातं आणि प्रवाहाचा वेग दर बॅचला बदलतो. खोलीत डीह्युमिडिफायर, पाकिटात सिलिका जेल, आणि पाकीट त्याच दिवशी सील.

सोन्याच्या स्ट्रिपला रीडर लागत नाही, हिला लागतो. म्हणून गर्भचाचणीसाठी बीड्सचा आटापिटा कुणी करू नये. ट्रोपोनिन, प्रोकॅल्सिटोनिन, डी-डायमर अशा जिथे आकडा हवा तिथे फ्लुओरेसंट स्ट्रिपला तोड नाही. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने आणीबाणीत परवानगी दिलेली पहिली कोविड अँटीजेन चाचणी, क्विडेलची सोफिया, याच जातीची होती.

मग एलायझा सोडून द्यायची का?

मुळीच नाही. एलायझा जिथे पुरते तिथे बीड्स नकोत. त्याच २०२० च्या मे महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोविडच्या अँटीबॉडी शोधायला जी कवच चाचणी आणली ती एलायझाच होती. एका प्लेटवर नव्वदेक सॅम्पल, नेहमीचा रीडर, कुठल्याही जिल्ह्याच्या लॅबला जमणारी. उत्तर पंधरा मिनिटांत हवं असेल, सॅम्पल थेंबभरच असेल, किंवा एलायझाची मर्यादा खरोखर अपुरी पडत असेल, तरच बीड्सकडे वळा.

बीड्स कसे साठवायचे? कुरियरमध्ये उन्हात राहिले तर?

दोन ते आठ अंश, अंधारात, झाकण घट्ट. गोठवायचे नाहीत, कधीच नाहीत. बर्फाचे स्फटिक होताना बीड्स एकमेकांवर दाबले जातात आणि अशा गुठळ्या होतात की सोनिकेटरही हात टेकतो.

नागपूरच्या मेमधलं ४५ अंशांचं ऊन कोऱ्या बीड्सचं फारसं बिघडवत नाही, पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. अँटीबॉडी चढवलेल्या बीड्सचं मात्र वाटोळं होऊ शकतं. गंमत म्हणजे उन्हाच्या धास्तीने पाठवणारे ड्राय आइस भरतात किंवा गोठलेला जेल पॅक कुपीला खेटून ठेवतात, आणि नुकसान त्यानेच होतं. ऑर्डर देताना "गोठवू नये" असं लिहून घ्या. माल आला की आधी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा, मगच पावतीवर सही करून पुढचं काम.

साठवणीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असतं. ते एलायझात वापरतात त्या एचआरपी एन्झाइमला मारतं, तेव्हा हेच बीड्स एचआरपीच्या चाचणीत वापरणार असाल तर आधी धुवा.

असे बीड्स वापरून केलेल्या चाचणीचा रिपोर्ट रुग्णाला देता येईल का?

नाही. "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेल्या बीड्सनी लॅबमध्ये घडवलेली चाचणी हे संशोधनच. किट विकायचं असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, त्यांत निदान-चाचण्यांचे धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत. आणि उरलेलं सीरम "नुसतं तपासायला" वापरायचं असलं तरी एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या.

उरलेले बीड्स बेसिनमध्ये ओतले तर चालतात का?

चालत नाहीत. हे प्लास्टिक आहे, आणि इतकं बारीक की कुठल्याही जाळीत अडकत नाही. ब्लीच टाकल्याने पॉलिस्टायरीन नाहीसं होत नाही. शिवाय अझाइड तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात साचलं तर स्फोटक क्षार होतात, आणि ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. बीड्सचं सगळं पाणी वेगळ्या बाटलीत जमवा, वर "पॉलिस्टायरीन बीड्स, अझाइड आहे" अशी चिठ्ठी लावा आणि रासायनिक कचरा नेणाऱ्यांकडे द्या. रुग्णाच्या सॅम्पलला लागलेल्या टिप्स आणि ट्यूब मात्र लाल पिशवीत.